घरातले मासे का मरतात?

ज्या व्याख्यानमालेत इतिहास, साहित्य आणि अर्थकारण अशा भारदस्त विषयांवर बोलले जाते, तेथे काचेच्या टाकीतल्या दोन बोटे लांबीच्या माशांच्या मरणाची चिकित्सा कशाला, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर असे, की हे मरण आता आपल्या घरात येऊन पोचले आहे. अमरावती, अकोला, परतवाडा या आपल्या गावांत दवाखान्याच्या बाकासमोर, दुकानाच्या गल्ल्यापाशी आणि कितीतरी दिवाणखान्यांत आज माशांची टाकी दिसते. मोठ्या हौसेने ती आणली जाते. मुले माशांना नावे ठेवतात. पुढे पंधरा दिवसांत एक मासा उलटा होऊन तरंगताना दिसतो, महिन्याभरात दुसरा, तिसरा. आणि वर्ष उलटायच्या आत ती टाकी रिकामी होऊन माळ्यावर जाते. घरातले लहान मूल विचारते, “मासा का मेला?” या प्रश्नाला वडीलधाऱ्यांजवळ बहुधा उत्तर नसते.

उत्तर नसते असे म्हणणे तरी पुरते खरे नाही. उत्तरे तीन असतात. पहिले उत्तर, दृष्ट लागली. किंवा त्याचाच दुसरा प्रकार, घरावर येणारे अरिष्ट माशाने आपल्या अंगावर घेतले. दुसरे, दुकानदाराने रोगट माल गळ्यात बांधला. तिसरे, काहीतरी साथ आली असेल. या तिन्ही उत्तरांत एक साम्य आहे. ती दिल्यानंतर आपल्याला काही करावे लागत नाही. शोध तेथेच थांबतो, नवे मासे आणले जातात आणि तेही त्याच वाटेने जातात. मला आज आपल्यापुढे मांडायचे आहे ते एवढेच, की घरातले बहुतेक मासे अकारण मरत नाहीत. आधी पाणी बिघडते आणि मग मासा मरतो. ते पाणी कसे बिघडले, हे पुरावे नीट पाहिले तर घरच्या घरीही ओळखता येते.

प्रथम आपण टाकी सोडून नदीकडे जाऊ. परतवाड्याहून धारणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, मेळघाटच्या अरण्यात सेमाडोह हे गाव आहे. १९७४ साली मेळघाट हे व्याघ्र प्रकल्पात घेतले गेले, तेव्हापासून सेमाडोहचे नाव पर्यटकांच्याही तोंडी झाले. आपल्यापैकी पुष्कळांनी तेथे मुक्काम केला असेल. गावाजवळून सिपना नदी वाहते आणि पुढे तापीला मिळते. पावसाळ्यात सिपनेचे रूप पाहून छाती दडपते. परंतु एप्रिल-मे महिन्यांत त्या प्रदेशातल्या नद्या-नाले ठिकठिकाणी आटतात, खडक उघडे पडतात, आणि पाणी उरते ते खोलगट जागी. त्या जागांनाच आपण डोह म्हणतो. मेळघाटातली कितीतरी जनावरे आणि जलचर उन्हाळाभर या डोहांच्या आधाराने जगतात.

आता डोह म्हणजे काय, तर न वाहणारे, चारी बाजूंनी कोंडलेले पाणी. आपली टाकीही तशीच. मग डोहातला मासा पावसाची वाट पाहत दोन-तीन महिने जगतो, आणि टाकीतला मासा दोन-तीन आठवड्यांत का मरतो? डोहाला अनेक आधार असतात. एक तर पाणी पुष्कळ असते. एका माशाच्या वाट्याला कित्येक घागरी पाणी येते. खोलीमुळे आणि काठच्या झाडांच्या सावलीमुळे तळाचे पाणी लवकर तापत नाही. वाळू आणि गोट्यांखालून थोडाफार झरा पाझरत असतो. तळाच्या गाळात आणि दगडांच्या शेवाळ्यात असंख्य सूक्ष्म जंतू घाण पचवीत बसलेले असतात. आणि वर्षातून एकदा पूर येऊन सगळे धुऊन नेतो. आपली नेहमीची टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच असते. तिच्यात काठोकाठ भरले तरी साधारण ५६ लिटर पाणी मावते. वाळू-गोटे घातल्यावर पन्नासही राहत नाही. म्हणजे तीन बादल्या पाणी! त्यात आपण पंधरा मासे सोडतो आणि पूर कधीच आणीत नाही. डोहाजवळ असलेला एकेक आधार टाकीत कोठे तुटतो, हे शोधणे म्हणजेच माशांच्या मरणाचे कारण शोधणे होय.

हा विचार तसा जुना आहे. लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १८५० साली तेथील केमिकल सोसायटीपुढे आपला प्रयोग मांडला. काचेच्या भांड्यात त्याने सोनमासे आणि पाणवनस्पती एकत्र ठेवल्या. वनस्पती प्राणवायू देतील आणि मासे जगतील, ही त्याची कल्पना. पण वनस्पतीची जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले आणि सगळा प्रयोग फसण्याची वेळ आली. मग त्याने पाण्यातल्या गोगलगाई सोडल्या. त्यांनी ती कुजकी पाने खाल्ली आणि पाणी निवळले. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जगातले पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले, आणि आपल्याकडे १९५१ साली मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय उघडले. या सर्वांचे मूळ वॉरिंग्टनच्या त्या एका भांड्यात आहे. त्याला जे कळले ते महत्त्वाचे होते: पाण्यात जे कुजते, त्याची विल्हेवाट लावणारा कोणीतरी तेथे असलाच पाहिजे.

आता एकेक कारण घेऊ. पहिले आणि सर्वांत जास्त बळी घेणारे कारण डोळ्यांना दिसत नाही. मासा श्वास घेतो, खातो आणि मलविसर्जन करतो. त्याच्या कल्ल्यांतून आणि मलातून, तसेच न खाल्लेल्या दाण्यांतून अमोनिया तयार होतो. गुरांच्या गोठ्यात नाकाला झोंबणारा जो वास येतो, तोच हा अमोनिया. आपण गोठ्याबाहेर येऊ शकतो. मासा पाण्याबाहेर येऊ शकत नाही. हा वायू पाण्यात साठला की माशाचे कल्ले जळतात, लालभडक होतात आणि मासा गुदमरतो. पाणी मात्र काचेसारखे स्वच्छ दिसत असते. स्वच्छ दिसणारे पाणी निर्मळ असतेच असे नाही, हे मत्स्यपालनातले पहिले सूत्र.

डोहात या अमोनियाची व्यवस्था सूक्ष्म जंतू लावतात. अशा जंतूंचा छडा सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास लावला. एका जातीचे जंतू अमोनियाचे रूपांतर नायट्राईटमध्ये करतात, दुसऱ्या जातीचे त्या नायट्राईटचे नायट्रेट करतात. नायट्राईटही विषारीच, ते माशाच्या रक्तात शिरले म्हणजे रक्त तपकिरी होते आणि त्याला प्राणवायू वाहून नेता येत नाही. शेवटचे नायट्रेट मात्र थोड्या प्रमाणात निरुपद्रवी असते आणि वनस्पतींचे ते खत आहे. हे जंतू पाण्यात तरंगत नाहीत. वाळूच्या कणांवर, दगडांवर आणि गाळणीच्या स्पंजवर ते चिकटून राहतात. नव्या टाकीत त्यांची वस्ती पुरेशी व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आपण काय करतो? सकाळी टाकी आणतो, दुपारी पाणी भरतो आणि संध्याकाळी पंधरा मासे सोडतो. घर बांधून झाले, पण मोरीच काढली नाही, तशातला हा प्रकार. म्हणून नव्या टाकीत सुरुवातीला दोन-तीन काटक मासेच सोडावेत, दाणे अगदी चिमूटभर घालावेत आणि बाकीचे मासे महिन्या-दीड महिन्यानंतर थोडे थोडे आणावेत.

येथे वऱ्हाडच्या पाण्याचा एक विशेष सांगितला पाहिजे. अमोनिया सगळ्या पाण्यात सारखा विषारी नसतो. पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी, हे मोजण्याचे पीएच नावाचे माप आहे. सात हा त्याचा मध्य. तापमान २५ अंश असताना पीएच ७ असलेल्या पाण्यात एकूण अमोनियापैकी सुमारे दोनशेत एक भागच विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की तो सुमारे विसात एक भाग होतो. म्हणजे दसपटीच्या जवळपास. पाणी तापले की हे प्रमाण आणखी वाढते. काळ्या कातळाच्या प्रदेशातल्या विहिरी आणि बोअर यांचे पाणी बहुधा जड आणि अल्कधर्मी असते. तेव्हा जी घाण दुसरीकडच्या मऊ पाण्यात मासा सोसतो, तीच आपल्याकडे मे महिन्यात त्याचा प्राण घेते. माशाला भूक लागली असेल म्हणून मायेने घातलेला जादा दाणा म्हणजे पाण्यात टाकलेले विषच समजावे. दोन मिनिटांत मासे जेवढे खातील तेवढेच अन्न पुरे. मोठ्या निरोगी माशाला एक दिवस उपास घडला तर काही बिघडत नाही.

दुसरे कारण श्वासाचे. एक लिटर हवेत प्राणवायू सुमारे पावणेतीनशे मिलिग्रॅम असतो. एक लिटर पाण्यात, तापमान २० अंश असताना, तो जास्तीत जास्त नऊ मिलिग्रॅम मावतो. ३० अंशांना साडेसात आणि ३५ अंशांना सातच्याही आत. म्हणजे मासा मुळातच फार थोड्यावर गुजराण करणारा प्राणी आहे. आणि उष्णता वाढली की पाण्यातला साठा घटतो, पण माशाची गरज वाढते. आवक घटायची आणि खर्च वाढायचा, अशी ही प्रपंचाची ओढाताण आहे. अकोल्याचा पारा ४५ च्या वर गेलेला असतो, दुपारी वीज जाते, टाकीतला हवेचा पंप बंद पडतो. पंखा आणि कूलर बंद म्हणून माणसे ओसरीवर येऊन बसतात. टाकीतले मासे मात्र तेथेच असतात.

पाणवनस्पतींवर विसंबणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वनस्पती प्राणवायू देतात तो उजेडात. रात्री त्याही माशांप्रमाणेच प्राणवायू वापरतात. म्हणून दाट वनस्पतींच्या टाकीत प्राणवायूची सर्वांत मोठी तूट पहाटे असते. उन्हाळ्यात आटत चाललेल्या, शेवाळलेल्या तळ्याकाठी पहाटे गेलात, तर मासे पृष्ठभागाशी तोंडे उघडी करून आ वासताना दिसतात, ते याचमुळे. प्राणवायू पाण्यात शिरतो तो पृष्ठभागातून. म्हणून उथळ आणि रुंद टाकी चांगली. काचेचा तो गोल हंडा दिसायला देखणा असला, तरी गळ्यापर्यंत भरला की त्याचे तोंड अरुंद होते आणि मासा कोंडला जातो.

या कारणाची एक फार चांगली खूण आहे. आपल्या तळ्यांतले मरळ आणि मागूर हे मासे पाण्यावर येऊन थेट हवा घेऊ शकतात. टाकीत पाळला जाणारा गुरामी आणि फायटर हे त्याच प्रकारचे. सकाळी उठून पाहावे तो बाकीचे मासे मेलेले, आणि गुरामी मात्र खुशाल फिरतो आहे, असे दिसले तर समजावे की रात्री प्राणवायू कमी पडला. अशा मरणात पुष्कळदा मोठे मासे आधी जातात, कारण त्यांची गरज मोठी. उपाय साधा आहे: मासे कमी ठेवावेत; टाकी खिडकीच्या उन्हात ठेवू नये; उन्हाळ्यात वरचे झाकण काढून जाळी घालावी; आणि वीज गेली तर दर थोड्या वेळाने तांब्याभर पाणी काढून वितीभर उंचीवरून परत त्यातच ओतावे. बॅटरीवर चालणारा लहान पंप मिळतो, तोही घरात असावा.

तिसरे कारण नवे पाणी. अमरावतीचे नळाचे पाणी अप्पर वर्धा धरणातून येते, अकोल्याचे काटेपूर्णेवरच्या महानच्या धरणातून. ते आपल्यासाठी शुद्ध करताना त्यात क्लोरीन घालतात, आणि नळापर्यंत लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहावे असा दंडक आहे. तो योग्यच आहे. त्यामुळे आपण पटकीपासून वाचतो. पण माणसाला तारणारी ती मात्रा माशाच्या नाजूक कल्ल्यांना जाळते. पावसाळ्यात साथीच्या भयाने विहिरीत टीसीएल पावडर टाकतात, तेव्हा विहिरीच्या पाण्याचीही हीच गोष्ट. ताजे पाणी भरले आणि काही तासांत मासे सैरावैरा धावून मेले, तर प्रथम क्लोरीनचा संशय घ्यावा. पाणी उघड्या, पसरट भांड्यात एक दिवस ठेवले म्हणजे साधे क्लोरीन उडून जाते. घाई असेल तर छायाचित्रकार पूर्वी वापरीत तो ‘हायपो’ म्हणजे सोडियम थायोसल्फेट मत्स्यसाहित्याच्या दुकानात मिळतो. त्याचा थोडासा अंश पुरतो.

बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसते म्हणून ते निर्धोक, असेही नव्हे. जमिनीच्या पोटातून आलेल्या पाण्यात प्राणवायू फार कमी आणि कर्बवायू जास्त असू शकतो. तेही रात्रभर उघडे ठेवून, ओतून-घुसळून मगच वापरावे. आणि पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा तर आपल्या परिचयाचा आहे. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतल्या त्या पट्ट्यातले भूजल इतके खारे, की पिकेही कुरकुरतात. गोड्या पाण्यात वाढलेला मासा एकाएकी अशा पाण्यात सोडला तर त्याच्या शरीरातले पाण्याचे आणि क्षारांचे सगळे गणित उलटते. बदल सावकाश झाला तर काही जाती तो सोसतात. धक्का सोसत नाहीत. दुकानातून आणलेली पिशवी म्हणूनच आधी पंधरा-वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवावी, मग टाकीतले पाणी थोडे थोडे तिच्यात घालावे, आणि शेवटी मासाच तेवढा जाळीने टाकीत सोडावा. पिशवीतले पाणी ओतून द्यावे.

चौथे कारण बाहेरून आलेले विष. याची खूण अगदी उघड असते. लहान-मोठे, नवे-जुने, सगळ्या जातींचे मासे एकाच वेळी तडफडतात. हवेवर जगणारा गुरामीही सुटत नाही. अशा वेळी गेल्या दिवसाभरात त्या खोलीत काय घडले, ते आठवावे. डास-झुरळांसाठी फवारा मारला होता काय? अशा औषधांत पायरेथ्रॉइड वर्गाची जी द्रव्ये असतात, ती माणसाला त्या मात्रेत फारशी बाधत नाहीत, पण माशांना अत्यंत घातक आहेत. आणि टाकीचा पंप खोलीतली हवा ओढून सरळ पाण्यात सोडीत असतो. भिंतीला नवा रंग दिला होता काय? कपाशीवर फवारणी करून आलेल्या हाताने कोणी टाकीत हात घातला काय? साबणाच्या बादलीने पाणी भरले काय? आणि एक कारण खास आपल्या घरातले: पाणी शुद्ध राहावे म्हणून ते रात्रभर तांब्याच्या हंड्यात साठवून सकाळी टाकीत ओतले काय? तांब्याचा जो सूक्ष्म अंश आपल्याला मानवतो, तो माशांना आणि त्याहून गोगलगाईंना मानवत नाही. माशांचे पाणी प्लास्टिकच्या स्वच्छ, वेगळ्या बादलीतच साठवावे.

विषाचा हा प्रकार पाहताना मला पुन्हा रानातल्या डोहांची आठवण होते. गेळाच्या झाडाचे फळ कुटून पाण्यात टाकायचे आणि मासे गुंगवून पकडायचे, ही रीत भारतातल्या पुष्कळ वनप्रदेशांत जुनी आहे. त्या फळात साबणासारखे फेसाळणारे द्रव्य असते. ते कल्ल्यांवर परिणाम करते. जुन्या रीतीला निदान रानफळाच्या बळाची मर्यादा होती. आता त्या फळाच्या जागी कोठे कोठे ब्लीचिंग पावडर आणि शेतीची कीटकनाशके आली आहेत. उन्हाळ्यातल्या डोहात असे द्रव्य पडले, की खायच्या माशाबरोबर बोटभर पिल्लू, अंडी, खेकडा आणि ते पाणी पिणारे जनावर, सगळ्यांवरच संकट येते. आणि पळून जायला त्या पाण्याला दुसरी वाट नसते. आपली टाकी आणि रानातला डोह यांत फरक आकाराचाच आहे.

पाचवे कारण रोग आणि संगत. रोगाचे नाव मी मुद्दाम शेवटी घेतो, कारण लोक ते सर्वांत आधी घेतात. रोग बहुधा खुणा दाखवून येतो. अंगावर मिठाचे कण शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके दिसणे, मासा दगडाला अंग घासू लागणे, पर झिजून कुसकरल्यासारखे होणे, कापसासारखी बुरशी दिसणे, पोट फुगून खवले उभे राहणे, या त्या खुणा. पांढऱ्या ठिपक्यांचा जंतू काही दिवस माशाच्या कातडीखाली राहतो आणि नंतर पाण्यात पडून वाढतो. औषध लागू पडते ते तो पाण्यात मोकळा असताना. म्हणून एकदा औषध घालून ठिपके गेले म्हणजे काम झाले असे न मानता, ते सांगितल्याप्रमाणे पुरे करावे. नवा मासा दोन-तीन आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवला, तर या रोगांचा टाकीत प्रवेशच होत नाही. खुणा काही नाहीत आणि मासे मरत आहेत, तेव्हा औषधाची बाटली उघडू नये. अंदाजाने घातलेले औषध पाणी आणखी बिघडवते.

संगतीचे म्हणाल, तर मत्स्यन्याय हा शब्द आपल्या पूर्वजांनी उगाच केलेला नाही. एंजल मासा मोठा झाला की निऑन टेट्रासारखे चिमुकले मासे रात्रीतून नाहीसे करतो. टायगर बार्ब लांब परांच्या माशांचे पर तोडतो, आणि जखमी मासा पुढे बुरशीने मरतो. सोनमाशाला थंड पाणी हवे, इतरांना उबदार. शिवाय तो घाण फार करतो. रंग जुळतात म्हणून मासे एकत्र आणू नयेत. स्वभाव, आकार आणि पाणी जुळते काय, ते पाहावे.

ही सगळी कारणे हाताशी घेऊन शोध कसा करावा, त्याचा एक मासला पाहू. समजा, एका घरी वर्षभर नीट चाललेली टाकी आहे. रविवारी घरच्या मंडळींनी ती ‘चकचकीत’ केली. मासे बादलीत काढले, वाळू उकळत्या पाण्याने धुतली, स्पंज नळाखाली पिळून काढला, आणि दिवसभर साठवलेले पाणी भरले. संध्याकाळी मासे छान पोहत होते. बुधवारी दोन मेले, गुरुवारी तीन. घरच्यांना वाटले, एवढी स्वच्छता करूनही मरतात, म्हणजे ही साथच! आता आपण विचारू. सगळे एकदम मेले नाहीत, म्हणून बाहेरचे विष नव्हे. पाणी साठवलेले होते आणि पहिली रात्र सुखाची गेली, म्हणून क्लोरीन नव्हे. मेलेल्यांत एक गुरामी होता, आणि मरण दुपारी आले, म्हणून नुसती प्राणवायूची तूट नव्हे. अंगावर ठिपका नाही, बुरशी नाही, म्हणून रोगाचीही खूण नाही. कल्ले मात्र लाल आहेत. मग गेले काय? वाळूवरचे आणि स्पंजवरचे ते उपकारी जंतू गेले! उकळत्या पाण्याने आणि नळाच्या क्लोरीनने ते मारले गेले, आणि वर्षाची जुनी टाकी एका दिवसात पुन्हा नवी झाली. तीन दिवसांत अमोनिया साठला. आता ‘साथ’ घालवण्यासाठी घरच्यांनी टाकी पुन्हा घासली, तर उरलेलेही जातील. ज्या उपायाने रोग झाला तोच उपाय दुप्पट करण्याचा हा प्रकार माशांपुरताच मर्यादित नाही, हे आपण जाणताच.

म्हणून मासा मेलेला दिसला, तर घाबरून टाकी रिकामी करू नये. मेलेला मासा ताबडतोब काढावा, कारण तोही कुजून अमोनियाच देतो. दाणे एक-दोन दिवस बंद ठेवावेत. हवेचा पंप जोराने चालवावा. साठवून निवलेले, त्याच तापमानाचे पाणी घेऊन टाकीतले एक चतुर्थांश ते एक तृतीयांश पाणी बदलावे, आणि हे लागेल तसे रोज करावे. अमोनिया, नायट्राईट आणि पीएच तपासण्याची लहान पेटी दुकानात मिळते. थेंब घालून रंग पाहायचा असतो, शाळेतले मूलही ते करू शकते. स्पंज धुवायचा तो टाकीतूनच काढलेल्या पाण्यात, नुसता हलका पिळून. आणि टाकीजवळ एक वही टांगावी. कोणता मासा, कोणत्या वेळी, कोणत्या खुणांनी मेला. त्याआधीच्या तीन दिवसांत पाणी, दाणे, वीज, फवारा, नवा मासा यांपैकी काय बदलले, एवढेच तीत लिहावे. चार मृत्यूंची नोंद झाली, की पाचवा टाळता येईल इतके त्या वहीतून सहसा कळते.

शेवटी एक विनंती. मासे मरतात म्हणून कंटाळलेली माणसे उरलेले मासे नदीत किंवा तळ्यात सोडून देतात, आणि जीव वाचवल्याचे समाधान मानतात. कृपा करून असे करू नये. काच चाटणारा म्हणून विकला जाणारा दक्षिण अमेरिकेतला सकर मासा असाच टाक्यांतून सुटला आणि भारतातल्या अनेक जलाशयांत, महाराष्ट्रातही, पसरला आहे. त्याच्या काटेरी कवचामुळे जाळी फाटतात, आणि त्याला खायला कोणी तयार नसते. सिपनेच्या डोहात उन्हाळ्यापुरते पाणी आणि अन्न तेथल्या माशांनाच मोजके असते. तेथे हा पाहुणा पोचला तर यजमानालाच घर सोडावे लागेल. नको झालेले मासे दुकानदाराला परत द्यावेत, किंवा दुसऱ्या हौशी माणसाला द्यावेत.

तेव्हा श्रोतेहो, पुढच्या वेळी घरातले मूल “मासा का मेला?” असे विचारील, तेव्हा त्याला दृष्टीची गोष्ट सांगू नका. त्याचा हात धरून टाकीपाशी चला, पाण्याला हात लावून ते किती तापले ते पाहा, पंप चालू आहे काय ते पाहा, आणि काल काय काय झाले ते दोघे मिळून वहीत लिहा. मेलेला मासा त्याने परत येणार नाही. पण उरलेले वाचतील. आणि घडलेल्या गोष्टीला कारण असते, ते शोधावे लागते, ही गोष्ट त्या मुलाला पुस्तकावाचून कळेल.